मारोतकाकांची वहिवाट

मारोतकाका दगड चाटायचे. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं की तो जरा थांबून विचारतो, "म्हणजे डोक्यानं…?" डोक्यानं काका शाबूत होते, आपल्यापेक्षा जास्तच. त्यांचा चुन्याचा धंदा होता. डोंगराच्या पायथ्याशी त्यांची भट्टी होती, आणि चुन्याला कोणता दगड चांगला हे डोळ्यांना नाही, जिभेलाच कळतं असं त्यांचं ठाम मत होतं. दगड उचलायचा, धोतराच्या सोग्याला पुसायचा, जिभेचं टोक लावायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "गोड हाय." नाहीतर, "खारट हाय, राहू दे." अगदीच बिनकामाचा निघाला तर थुंकून म्हणायचे, "सरकारी हाय! वरून पांढरा, आत काईच नाई."

मी सरकारी नोकर. त्यामुळं हे वाक्य ते माझ्याकडं बघूनच म्हणायचे.

आमचं गाव मराठी बोलणारं, पण तेलुगू राज्यातलं, उटनूरच्या जंगलाकडं जाणाऱ्या रस्त्यावर. पुढं कापूस आणि ज्वारी, मागं डोंगर. काकांचं घर माझ्यापासून तिसरं. नात्यानं ते माझे कोणी नव्हते. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि मला काकींच्या हातची भाकर आवडायची, एवढ्यावर आमचं नातं उभं होतं. माझं लग्नही त्यांनीच ठरवलं. जैनथकडं मुलगी पाहायला गेलो होतो. चहा येईपर्यंत काकांनी ओसरीच्या भिंतीचा एक पोपडा काढला आणि सगळ्यांदेखत जिभेवर ठेवला. मुलीचा बाप कपबशी हातात घेऊन उभाच राहिला. काका म्हणाले, "चुन्यात भेसळ नाई. माणसंबी खरी असतीन. करून टाक बाबू." माझी बायको अजून ऐकवते, "तुमच्या काकानं माझ्या बापाची भिंत चाटून मला पसंत केलं."

काकांचं शिक्षण निजामाच्या काळात झालं, म्हणजे उर्दूतून. मराठी घरची. तेलुगू नंतर आली, सरकारबरोबर. त्यांना तेलुगूतले दोनच शब्द नीट यायचे, 'नीळ्ळु' आणि 'रेपु रा'. पाणी आणि उद्या ये. "ऑफिसात जायाले एवढी भाषा पुरते," असं ते म्हणत. पण हे कबूल करणं त्यांना जड जाई. सकाळी हॉटेलात बसले की तेलुगू पेपर हातात धरायचा आणि फोटो पाहून बातम्या सांगायच्या. एकदा हारातला माणूस दाखवून त्यांनी जाहीर केलं, "पाहा, याचा सत्कार झाला." तो माणूस वारला होता. सगळं हॉटेल हसलं. काका पेपराची घडी घालत म्हणाले, "मेल्यावर झाला म्हणून काय सत्कार नसते का?"

दगडाबाबत मात्र त्यांचा कायदा कडक होता. "पडलं ते आपलं, उभं ते त्याचं." त्याचं म्हणजे डोंगराचं. पावसाळ्यात कडा सुटून जे दगड खाली येत तेवढेच ते उचलत. पहारीनं एक दगड कधी काढला नाही. भट्टीला जंगलातलं लाकूडही नाही. कापूस वेचून झाला की शेतकऱ्यांकडून वाळलेल्या पऱ्हाट्या आणत, त्यात गोवऱ्या, आणि त्यावर चुना भाजत. वनखात्याचे जुने लोक त्यांना ओळखत होते, कोणी अडवत नव्हतं. कागदावर मात्र काही नव्हतं. घर बांधायला दगड मागायला कोणी आलं तर काका पोलिसासारखी झडती घेत. "किती पाह्यजे? काऊन पाह्यजे? न्हाणीले एवढा दगड? म्हैस आंघोळ करून राह्यली का तुह्या घरी?"

एकदा मला ते डोंगरावर घेऊन गेले. वर काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये एक पांढुरका पट्टा आहे, माणसाच्या कमरेएवढा उंच. त्या पट्ट्यात शंख होते. अंगठ्याच्या नखाएवढे, वळणावळणाचे, दगड झालेले. काका तरुणपणी एका नकाशेवाल्या साहेबाच्या पेट्या वाहायला होते. दगड चाटायचं त्यांनी तिथंच उचललं, आणि डोंगराची ही गोष्टही. "इथं तळं होतं बाबू," ते म्हणाले. "मंग जमिनीतून आग निघाली. एकदा खालून आली, एकदा वरून गेली. मधात तळं राह्यलं." त्या पट्ट्याच्या खालून बोटभर पाणी झिरपत होतं. वरच्या गुड्यातल्या, म्हणजे डोंगरावरच्या आदिवासी पाड्यातल्या, बायका उन्हाळाभर तेच पाणी भरत. आणि गंमत अशी, की चुन्याला सगळ्यात गोड दगड तोच. काकांनी स्वतः सांगितलं. "मंग तुमी घेत काऊन नाई?" मी विचारलं.

"पडू दे ना," ते म्हणाले. "पडला का घेतो. घाई कोणाले हाय?"

हे सगळं मला माहीत होतं. शंख, पाणी, गुडा, काकांची चाळीस वर्षांची वहिवाट. हे लक्षात ठेवा.

तालुके फोडून मंडलं नवीनच झाली होती आणि मी आमच्या मंडलाच्या ऑफिसात कारकून होतो, तात्पुरता. कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर पडून होता. त्या उन्हाळ्यात रस्त्याचं काम निघालं आणि खडीसाठी एका ठेकेदारानं आमचा डोंगर मागितला. डोंगराचा पायथा महसूलचा, माथा राखीव जंगलाचा, पण हद्दीचे दगड कुठं आहेत हे कोणी पाहिलं नव्हतं. साहेबांनी मला मौक्याची पाहणी करून यायला सांगितलं, आणि चष्मा पुसत म्हणाले, "रिपोर्ट साफ असला पाहिजे. उगाच गुंतागुंत नको." त्यांनी माझ्या कागदाचं नाव काढलं नाही. काढायची गरज नव्हती.

मी ठेकेदाराच्या जीपमधून गेलो. ऊन रणरणत होतं. पायथ्याच्या मोहाखाली बसलो, ठेकेदाराच्या माणसानं दिलेलं थंड प्यायलो आणि तिथंच मांडीवर फाईल ठेवून लिहिलं. पाण्याची जागा, नाही. वस्तीला धोका, नाही. राखून ठेवण्याजोगं काही, नाही. जुनी वहिवाट, नाही. तेलुगूत हे सगळं एका पानात बसलं. डोंगर चढलोच नाही. चढलो असतो तर गुड्यातली एखादी बाई घागर घेऊन समोर आली असती, आणि तेच मला नको होतं.

पंचांच्या दोन सह्या लागत होत्या. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "चुनेवाल्या म्हाताऱ्याची घ्या. त्याची सही असली की गावात कोणी तोंड उघडणार नाही."

मी भट्टीवर गेलो. काका पऱ्हाट्या रचत होते. मला बघून हात झटकले.

"काय हाय हे?"

"काई नाई काका. डोंगर पाह्यला, एवढंच लिवलं."

त्यांनी चष्मा लावला. कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, मधेच एका ओळीवर थांबून मान हलवली. "बराबर हाय," असं म्हणून झोकात सही केली. मला तेव्हा हसू आलं होतं. बायकोला सांगायला किस्सा मिळाला म्हणून आलं होतं. हे लिहिताना हात थांबतो, पण आलं होतं.

पावसाळा संपता संपता सुरुंग सुरू झाले. पहिल्याच महिन्यात झऱ्याचं पाणी गढूळ झालं, पुढच्या महिन्यात निम्मं झालं. गुड्यातल्या बायका काकांकडं आल्या, कारण डोंगराची तक्रार दुसऱ्या कोणाकडं करायची असते हे त्यांना माहीत नव्हतं. काका अर्ज लिहू लागले. अर्जाची सुरुवात अशी असे: "डोंगराच्या वतीनं दरखास्त गुजारतो की…" मग अर्धी मराठी, अर्धी उर्दू, आणि शेवटी, "डोंगराले सही येत नाई म्हणून मी करून राह्यलो." ऑफिसात हे अर्ज माझ्याच टेबलावर येत. आम्ही ते मोठ्यानं वाचून हसायचो. मग मी ते गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायचो. किती सरकवले ते मोजले नाहीत.

उत्तर येत नाही म्हटल्यावर काकांनी वेगळाच रस्ता धरला. सुरुंगानं फुटून खाली आलेला शंखाचा एक तुकडा त्यांनी फडक्यात बांधला आणि पोस्टानं थेट जिल्ह्याला, खाणींच्या मोठ्या साहेबाला पाठवला. बरोबर चिठ्ठी होती. हॉटेलात सगळ्यांना वाचून दाखवूनच पाठवली. "सोबत दगड जोडला हाय. चाटून पाहावा व योग्य तो हुकूम व्हावा."

गाव आठ दिवस हसलं. आणि नवव्या दिवशी जिल्ह्याहून जीप आली.

साहेब तरुण होता, खाणखात्याचा. बरोबर वनखात्याचे रेंजर होते. शाळेच्या आवारात खुर्च्या मांडल्या. अर्धं गाव जमलं, गुड्यातल्या बायका भिंतीला टेकून बसल्या. आमचे साहेब आजारी पडले होते, म्हणून फाईल घेऊन मी उभा होतो. जिल्ह्याच्या साहेबानं फाईल चाळली आणि माझाच कागद वर काढला.

"मारोतराव, ये दस्तखत आपका है?"

"हौ साब."

"इसमें लिखा है, ऊपर पानी नहीं, कुछ नहीं. पढके किये थे?"

काकांनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही. मी भिंतीला टेकलेल्या बायकांकडं पाठ केली.

"हौ साब. पढके करा," काका म्हणाले.

"तेलुगू आती है?"

"थोडी थोडी."

हॉटेलातली मंडळी फिसकन हसली. त्या हसण्यानं मला केवढा आधार वाटला! साहेब हसला नाही. म्हणाला, "फिर अब शिकायत क्यों?"

"गलती मेरी है साब," काका म्हणाले. "पहाड की तो नहीं है ना?"

साहेब उठला आणि डोंगर चढला. काका पुढं, आम्ही मागं. पट्ट्याजवळ गेल्यावर साहेबानं हातोडीनं काळ्या दगडाला टिचकी मारली, मग पांढऱ्याकडं वळला, खाली पडलेली एक कपची उचलली आणि कोणाकडं न बघता जिभेला लावली. सगळं गाव बघत होतं. काकांच्या तोंडावर तेव्हा जे हसू पसरलं, तसं मी पुन्हा पाहिलं नाही.

निकाल तिथंच तोंडी झाला, कागद मागून आले. शंखांचा पट्टा, झरा आणि त्यावरचा माथा बंद. सुरुंग बंद. रस्त्याला खडी तर लागणारच, म्हणून पलीकडच्या अंगाला जिथं नुसता काळा दगड उघडा पडलाय, तिथं हद्द आखून खदान चालू राहील. पुढं तीन वर्षांनी झरा पुन्हा बोटभर झाला, हेही सांगून टाकतो. डोंगर वाचला.

पण साहेब म्हणाला, "ऊपर से अब कोई एक पत्थर नहीं उठाएगा."

"पडेला बी?" काकांनी विचारलं. हिंदीत मराठी मिसळली, म्हणजे ते घाबरले होते.

साहेबाला काका आवडले होते, हे दिसत होतं. तो माझ्याकडं वळला. "इनकी पुरानी वहिवाट दर्ज हो, तो मैं इजाजत लिख सकता हूँ. देखिए, फाईल में क्या है?"

फाईल माझ्या हातात होती. अक्षर माझं होतं. एक वाक्य बोलायचं होतं: साहेब, हे चुकीचं लिहिलं आहे, मी लिहिलं आहे. समोरच्या दगडांवर काका उभे होते, चाळीस वर्षं ज्यांनी तिथून पडलेल्याशिवाय काही उचललं नव्हतं. मी पान उलटलं. ओळीवर बोट ठेवलं.

"नहीं है, सर," मी वाचून दाखवलं.

"और इन्होंने पढके दस्तखत किया है," साहेब हळहळून म्हणाला, आणि खाली उतरू लागला.

काकांची भट्टी विझली. त्यानंतर ते बाजारातून तयार चुन्याच्या पुड्या आणून बाजारहत्नूरच्या आठवडी बाजारात विकत. गावानं दोन आणि दोन पाच केले. म्हाताऱ्यानं ठेकेदाराकडून काहीतरी घेऊन सही केली, मग बिनसलं म्हणून तक्रार केली, असं लोक बोलत. माझ्यासमोरही बोलत. मी चहा पीत असे.

मी त्याच वर्षी कायम झालो.

स्वतःची समजूत घालायला मला एक कारण मिळालं होतं आणि ते मी जपून वापरलं. काका म्हणजे पक्के ताठ्याचे. तेलुगू येत नाही हे चारचौघांत कबूल करण्यापेक्षा त्यांनी धंदा बुडवला. यात माझा काय दोष? हे इतक्या वेळा मनाशी म्हटलं की ते खरं वाटू लागलं. तरीही ऑफिसला जाताना मी त्यांच्या दारावरून जायचं सोडलं. मागच्या गल्लीत चिखल असतो, पण मी तिकडून जाऊ लागलो. बायकोनं दोनदा विचारलं, मग ती एकटीच त्यांच्याकडं जाऊ लागली. काकी वारल्या तेव्हा मी गेलो, पण लोकांच्या मागं उभा राहिलो आणि लाकडं पेटल्याबरोबर परतलो. असं सात वर्षं चाललं. तिसऱ्या घरात राहून.

मग आमच्या शाळेतले तेलुगूचे मास्तर निवृत्त होऊन करीमनगरकडं आपल्या गावाला निघाले. सामान टेम्पोत चढवून ते बसची वाट बघत होते, मी सोडायला गेलो होतो. बोलता बोलता डोंगराचा विषय निघाला. मी माझं ठरलेलं वाक्य हसत हसत म्हटलं, "उस बुड्ढे को तेलुगू का घमंड ले डूबा."

मास्तरांनी हातातली पिशवी खाली ठेवली. "आपको मालूम नहीं?" ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं. साहेब येण्याच्या आठवडाभर आधी काका खदानीवर भांडायला गेले होते. तिथं ठेकेदाराच्या माणसानं त्या कागदाची नक्कल त्यांच्यापुढं टाकली, घ्या, तुमचीच सही. काका ती घेऊन मास्तरांकडं गेले. "मुझे ये भाषा नहीं आती, पढके सुनाओ," असं सरळ म्हणाले. मास्तरांनी ओळीनं वाचून दाखवलं. वहिवाटीची ओळ काकांनी दोनदा वाचायला लावली. मग विचारलं, हे लिहिणाऱ्यावर काय होतं? मास्तर म्हणाले, नोकरी जाते, नाहीतर कुठंतरी लांब फेकतात. काका कागद घेऊन गेले.

म्हणजे शाळेच्या आवारात त्यांनी माझ्याकडं पाहिलं, तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं.

बस आली, गेली. मी घरी गेलो नाही. तसाच काकांच्या दारात जाऊन उभा राहिलो. सकाळचे दहा वाजले असतील. ते अंगणात खाटेवर बसून पुड्यांचा चुना एका डब्यात ओतत होते. चेहरा बारीक झाला होता. जवळून पाहिला नव्हता, म्हणून मला सात वर्षं एकदम दिसली.

"काका, तुमाले माईत होतं," मी म्हणालो.

"हो."

"मंग नाव काऊन नाई घेतलं माह्यं?"

ते ओतत राहिले. सांडलेला चुना बोटानं गोळा केला. मग म्हणाले, "मास्तर म्हणे, नाव घेतलं तं तुले लांब बदलीवर धाडतीन. म्या बुढीले सांगतलं. ते रडाले लागली. म्हणे, पोरगं गेलं तं भाकर कोणाले खाऊ घालू? म्हणून म्हणलं, राहू दे. पोरगं जवळ तं राहीन." डब्याचं झाकण लावून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "तं तू गावातल्या गावातच बदली घेतली बाबू. बुढीनं पुष्कळ दिवस तुही भाकर टाकली."

मी काहीतरी पुटपुटलो.

"काय म्हणतं? ऐकाले येत नाई," काका म्हणाले.

त्यांना चांगलं ऐकू येत होतं. गल्लीच्या टोकाला सायकलची घंटी वाजली तर कोणाची ते सांगायचे.

"माह्यं चुकलं," मी म्हणालो.

"जोरात बोल."

"माह्यं चुकलं, काका. कागद खोटा होता. म्या लिवला होता."

आवाज गल्लीत गेला. शेजारची बाई भांडी घासायची थांबली. समोरच्या ओट्यावर हॉटेलातले दोघं बसले होते, ते उठून इकडं बघू लागले. मला वाटलं, जमीन दुभंगावी. काकांनी त्या दोघांना नीट पाहू दिलं. मग पाय जवळ ओढून घेतले आणि खाटेवर जागा केली.

"हां," ते म्हणाले. "आता बस."